बाराने गुणलेले बेट

धक्क्यावर पाय ठेवताच जो फलक दिसे, त्यावर बेटाची माहिती बारीक अक्षरांत आणि आकडा हातभर उंचीच्या अक्षरांत रंगवलेला होता: बेचाळीस हजार जोड्या. सुरय नावाचा समुद्रपक्षी, डोक्यावर काळी टोपी, शेपूट कात्रीसारखी दुभंगलेली, वर्षातून एकदा या बेटावर उतरतो, उघड्या जमिनीवर एकच अंडे घालतो, आणि पिल्लाला पंख फुटले की पुन्हा समुद्राचा होतो. एवढे सगळे खाली लिहिले होते. ते वाचायला कुणी थांबत नसे. आकड्याशेजारी उभे राहून फोटो मात्र सगळे काढत, कारण घरी गेल्यावर दाखवायला काहीतरी लागतेच.

थोरलीही उभी राहिली. तिचा नवरा व्यवसायाने दंतवैद्य आणि स्वभावाने सहलप्रमुख होता. मोबाइल आडवा धरून तो "सरका, अजून सरका" म्हणत होता. मधोमध तिचे बाबा उभे होते. आज त्यांना पंचाहत्तर पूर्ण झाली होती, सुट्टीतली ही सहल त्यांच्यासाठीच होती, आणि पाठीमागचा आकडाही त्यांचाच होता.

"बाबा, तोंड उघडा," दंतवैद्य म्हणाला. "हसा म्हणायचं होतं. सवय लागलीय."

"माझं उघडंच असतं, पण माझा फोटो कुणी काढत नाही," आत्या म्हणाली. आत्या बाबांची मोठी बहीण. पन्नास वर्षे शाळांचे गणवेश शिवून तिच्या चष्म्याचा नंबर वाढला होता, जिभेची धार मात्र जशीच्या तशी होती. "छोट्या, असा अवघडून का उभा आहेस रे? बूट चावतायत ना?"

"नवीन आहेत, ताई. बसतील हळूहळू पायात."

"पंचाहत्तर वर्षं पायांनी सांभाळलं तुला, आणि त्यांना ही शिक्षा."

बूट सोमवारसाठी घेतले होते. तोवर ते सैल व्हावेत म्हणून आज घातले होते. सोमवारी किनारा खात्याच्या सभागृहात दोन गोष्टी व्हायच्या होत्या. आधी थोरली, यंदा प्रथमच मुख्य गणक या नात्याने, पक्षीगणनेच्या अहवालावर सही करणार होती. मग त्या सहीच्या आधारे बेटाच्या मागच्या किनाऱ्यावर दुसरा धक्का आणि साठ खोल्यांचे विश्रामगृह मंजूर होणार होते. मागचा उतार म्हणजे बेटाच्या एकशेवीस पट्ट्यांपैकी फक्त दहा पट्टे, म्हणून पक्ष्यांपैकी फार तर बारावा हिस्सा हलेल आणि बाकीच्यांना काही कळणारही नाही, असा खात्याचा हिशेब होता. आणि पहिल्या धक्क्याने पक्ष्यांचे काही बिघडले नाही हे तीस वर्षे ज्यांच्या आकड्यांनी सिद्ध केले, त्या बाबांचे नाव या दुसऱ्या धक्क्याला द्यायचे ठरले होते. लेकीच्या सहीने बापाचे नाव दगडावर चढायचे, असा हा योग. खाण तशी माती, असे खात्यातले लोक कौतुकाने म्हणत, आणि थोरलीला ते ऐकून आजवर बरेच वाटत आले होते.

मोजणीची रीत बाबांनी एकतीस वर्षांपूर्वी घालून दिली होती. नकाशावर बेटाचे एकशेवीस सारखे पट्टे आखलेले. त्यांतल्या दहांच्या कोपऱ्यांत लोखंडी खुंट्या ठोकलेल्या. अंड्यांच्या दिवसांत उजाडण्यापूर्वी चार गणक छोट्या होडीतून मागच्या किनाऱ्यावर उतरतात, गुडघ्यांवर बसून त्या दहा पट्ट्यांतले प्रत्येक अंडे मोजतात, आणि तेच अंडे दुसऱ्यांदा मोजले जाऊ नये म्हणून शेजारच्या दगडाला खडूचे बोट लावतात. एक अंडे म्हणजे एक जोडी. दहा पट्ट्यांची बेरीज साडेतीन हजारांच्या आसपास येते. तिला बाराने गुणले की बेट पूर्ण होते. पद्धतीच्या पुस्तिकेतला सातवा नियम असा होता: गणकांनी दोन तासांच्या आत बेट सोडावे आणि खुंट्यांच्या बाहेर बेटावर कुठेही पाऊल टाकू नये, कारण पक्षी अंड्यावरून उठला तर उन्हात अंडे उकडते. सरकारी कागदावर करुणा इतक्या थोडक्या शब्दांत क्वचितच उतरते. नोकरीच्या पहिल्याच दिवशी थोरलीने तो नियम स्वतःच्या अक्षरात उतरवून टेबलाच्या काचेखाली ठेवला होता.

सहा वर्षे ती मोजणीला येत होती. सहा वर्षे मान खाली, कानांत हजारो पक्ष्यांचा कलकलाट, पाठीवर त्यांच्या विष्ठेचे शिंतोडे उडालेले. आणि दोन तास भरले की होडी. बेटाचा बारावा हिस्सा तिला तळहातासारखा पाठ होता. उरलेले अकरा हिस्से तिने फक्त गुणाकारात पाहिले होते.

आज प्रथमच ती तिकीट काढून, पुढच्या बाजूने आली होती.

वाट सिमेंटची होती आणि बेटाला जवळजवळ पूर्ण वळसा घालून, मागच्या उताराच्या अलीकडे तारेच्या कुंपणापाशी थांबत होती. पुढे चाललेल्या वाटाड्या बाईच्या गळ्यात शिट्टी होती. कुणी वाटेबाहेर पाय टाकला की ती शिट्टी फुंके आणि म्हणे, "वाट सोडू नका, अंडी पायाखाली येतील." वीस-पंचवीस पर्यटक खाली बघत, जपून पावले टाकत चालले होते. खाली सुकलेले गवत होते, राखाडी दगड होते, एका ठिकाणी पाण्याची सिमेंटची टाकी होती आणि तिच्या सावलीत उंदरांची बिळे होती.

"तो! तो बघ, तो काळा!" एका बाईने नवऱ्याचा दंड धरला.

"कावळा आहे," नवरा म्हणाला.

दंतवैद्याने दुर्बीण एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर नेली, जणू दोष तिथे असावा. "अगं, आपण पक्षी बघायला आलोय की पक्ष्यांची जागा?"

"पक्षी समुद्रावर गेलेत चरायला," शिट्टीवाली पाठ केलेल्या स्वरात म्हणाली. "संध्याकाळी परत येतात सगळे."

"आमची बोट तीनला सुटते."

"सगळ्यांचीच तीनला सुटते, साहेब."

लोक हसले. थोरली हसली नाही. उन्हाने दगड तापून हाताला चटका बसत होता, आणि अशा वेळी सुरय चरायला जात नाही. नर आणि मादी पाळी लावून बसतात. एकाची चोच माशासाठी समुद्रात असते तेव्हा दुसऱ्याची सावली अंड्यावर असते. बेचाळीस हजार जोड्या असतील, तर या घटकेला बेटावर निदान बेचाळीस हजार पक्षी बसलेले हवेत. हे कळायला मुख्य गणक असण्याची गरज नव्हती. पण मुख्य गणक असल्यामुळे ते न कळण्याची सोय तिला उरली नव्हती.

तिने बाबांकडे पाहिले. ते लंगडत, वाटेच्या बरोबर मधून चालले होते. नजर बुटांवर होती.

ती पुढे जाऊन शिट्टीवालीच्या बरोबरीने चालू लागली आणि खिशातले खात्याचे ओळखपत्र तिने अर्धवट बाहेर काढून दाखवले. शिट्टीवालीने ते वाचले आणि तिचा पाठ केलेला स्वर गळून पडला.

"इथे किती वर्षं आहेस?"

"नऊ झाली, ताई."

"पक्षी कुठे आहेत?"

"मागच्या उताराला. तिकडून आवाज येतो ना सकाळचा." तिने आवाज खाली आणला. "इकडे मी लागले तेव्हा होते थोडे, त्या टाकीच्या पलीकडे. शे-दीडशे असतील. मग उंदीर वाढले. माझ्या सासूबाई सांगतात, पहिला धक्का व्हायच्या आधीसुद्धा इकडे विरळच असायचे. दाटी सगळी मागेच."

"कुणाला सांगितलं नाहीस?"

"कुणाला सांगू? साहेब येतात ते फलक पुसलाय का एवढं बघतात. आणि आकडा तर दरवर्षी तुमच्याच ऑफिसातून येतो. म्हटलं, मोजणाऱ्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत असणार."

थोरलीच्या डोक्यात त्या क्षणी जे घडले त्याला विचार म्हणता येणार नाही. एक गुणाकार उलटा फिरला, इतकेच. खुंट्यांचे दहाही पट्टे मागच्या उतारावर होते. तिथे दाटी होती, म्हणून ते भरलेले होते; भरलेले होते, म्हणून बेरीज दरवर्षी तीच येत होती; आणि बेरीज तीच येत होती, म्हणून उरलेल्या एकशेदहा पट्ट्यांत तेवढीच दाटी आहे असे मानून तिला बाराने गुणले जात होते. एकशेदहा पट्टे रिकामे होत गेले तरी आकड्याच्या केसालाही धक्का लागला नसता. लागला नव्हताच. एकतीस वर्षांत कुणी एक अंडे जास्त लिहिले नव्हते की एक कमी. सगळ्यांनी प्रामाणिकपणे मोजले होते, तिने तर गुडघे फुटेपर्यंत. लबाडी एकदाच, खुंट्या ठोकताना झाली होती. त्यानंतर तिची निगा राखायला इमानदार माणसे पुरेशी होती.

आणि सोमवारी जो बारावा हिस्सा हलवायचा होता, ते सगळे पक्षी होते.

वाटेच्या अर्ध्यावर पत्र्याच्या निवाऱ्यात सगळे जेवायला थांबले. दंतवैद्याने पिशवीतून पाव, केळी आणि उकडलेल्या अंड्यांचा डबा काढला.

"इथे अंडी?" आत्या म्हणाली. "काही लाज?"

"कोंबडीची आहेत, आत्या. तिला या बेटावर कुणी ओळखत नाही."

"तरी पाठ करून खा." आत्याने स्वतः केळे सोलले आणि बेटावर एक नजर फिरवली. जाड भिंगांतून तिला जे दिसत होते ते इतरांपेक्षा फारसे कमी नव्हते. "छोट्या, खरं सांग, बेचाळीस हजार तू एकेक मोजलेस?"

बाबा अंडे सोलत होते. कवचाचा एकेक कपचा ते कागदावर काढून ठेवत होते. "थोडे मोजायचे आणि त्यावरून सगळे काढायचे. तशी पद्धत असते, ताई."

"शितावरून भाताची परीक्षा," दंतवैद्याने तोंडात पाव असताना समजावले.

"ते कळलं मला. पण शीत कुठलं उचललं? कापडवाला ठाण दाखवतो तेव्हा वरचाच पदर उलगडतो. आतलं कसरीनं खाल्लेलं असतं. मी आपली सुरुवातीलाच म्हणायचे, मधून दाखव. चिडायचे मेले."

बाबांच्या हातातल्या अंड्याचा पांढरा भाग कवचाबरोबर निघून आला.

"बाबा," थोरली म्हणाली, "खुंट्या कुणी ठोकल्या?"

"खात्याने."

"खात्याला हात नसतात."

दंतवैद्याने चघळणे थांबवले. बायकोच्या आवाजातला हा सूर त्याला परिचयाचा होता, पण तो आजवर त्याच्याच वाट्याला आला होता. बाबांनी अर्धे सोललेले अंडे कागदावर ठेवले, हात पुसले आणि उठले. "चल, जरा पुढे जाऊन येऊ," ते म्हणाले.

निवाऱ्यापासून पन्नास पावलांवर वाट वळत होती. वळणावर बाक होता. बाबा बसले आणि त्यांनी एका बुटाची नाडी सोडली.

"दोन दिवस दिले होते आम्हाला," ते समुद्राकडे बघत म्हणाले. "बोट दोनच दिवसांची होती. नकाशावर चिठ्ठ्या टाकून पट्टे निवडायचे, मग ते शोधायचे, मग खुंट्या. निम्मे पट्टे नुसते दगडांचे निघाले असते. मी पक्षी मोजायला आलो होतो, दगड मोजायला नाही. जिथे पक्षी दिसले तिथे ठोकल्या. घाई होती, वाटलं, एवढ्याने काय होतंय."

"आणि कळलं कधी?"

"दुसऱ्या वर्षी. एका दुपारी चालत आलो इकडे." त्यांनी दुसरी नाडी सोडली. "पण तोवर आकडा छापून गेला होता, परिषदेत वाचून झाला होता. दुरुस्त केला असता, तर एका वर्षात बेचाळीस हजारांचे दहा-अकरा हजार झाले असते. लोकांनी विचारलं असतं, पक्षी मेले कसे? पहिलं बोट मच्छीमारांकडे गेलं असतं. उठवले असते त्यांना इथून."

"तुम्ही मच्छीमारांसाठी केलंत."

बाबांनी सोडलेली नाडी बोटाभोवती गुंडाळली.

"मच्छीमारांना तर ठाऊक होतं इथे काय आहे ते. ह्या बाईच्या सासूला ठाऊक होतं. उंदरांनाही ठाऊक होतं, बाबा. एकटं खातं अडाणी राहिलं." ती बसली नव्हती. "सातवा नियम कशासाठी लिहिलात? अंड्यांसाठी की आकड्यासाठी?"

आयुष्यात पहिल्यांदाच बाबांना एका प्रश्नाचे उत्तर देण्याआधी तो समजून घ्यावा लागला. "लिहिताना अंड्यांसाठीच वाटलं होतं," ते शेवटी म्हणाले.

त्या उत्तरात खोटे काही नव्हते, आणि म्हणूनच ते तिला सहन होईना. काचेखालचा कागद तिला दिसला, तिच्याच वळणदार अक्षरातला. ज्या वाक्याला ती सहा वर्षे मनातल्या मनात नमस्कार करत आली होती, ते दाराला लावलेले कुलूप होते. आणि ज्याने लावले त्यालाही ते दाराचे तोरण वाटत होते.

"सोमवारचा आराखडा तुम्ही वाचलात," ती म्हणाली. "मागच्या किनाऱ्यावर धक्का. तुम्हाला माहीत होतं की मागे सगळेच आहेत."

"पक्षी हलतात गं. इकडून तिकडे गेले, तिकडून इकडे येतील."

"इकडे काय आहे ते आत्ता बघत चाललोय आपण. उंदीर आणि आपण."

वाऱ्याने कुणाचा तरी कागदी रुमाल सिमेंटच्या वाटेवरून घरंगळत नेला. बाबांनी टाच बुटातून बाहेर काढली. मोज्याला तिथे रक्ताचा डाग होता. त्यांचा चेहरा एकाएकी मऊ झाला, आणि थोरलीला पुढचे वाक्य ऐकण्याआधीच त्याची भीती वाटली.

"तू मोजायला लागलीस ना, तेव्हापासून मी वाट बघत होतो," ते म्हणाले. "म्हटलं, दुसऱ्या कुणाला नाही, पण हिला कळेल एक दिवस. ही विचारेल."

हे वाक्य सुंदर होते. त्यात कबुली होती, लेकीच्या बुद्धीचा गौरव होता, आणि एकतीस वर्षांचा भार उचलून अलगद तिच्या खांद्यावर ठेवण्याची सोयही होती. पुस्तकांत अशा वाक्यानंतर माणसे एकमेकांच्या गळ्यात पडतात.

"खोटं बोलू नका," थोरली म्हणाली. "वाट बघणारा माणूस समारंभासाठी बूट घेत नाही."

बाबांनी मान खाली घातली. चिकट मातीतून पाय काढावा तसा त्यांनी दुसरा पायही बुटातून सोडवला. आवाज न चढवता त्यांनी विचारले, "मग आता काय करायचं म्हणतेस? सोमवारी तिथे उभी राहून माझं नाव घेणार?"

हाच प्रश्न होता, आणि तो त्यांनी विचारला म्हणून तिला थोडे बरे वाटले. सही केली तर बाप जसाच्या तसा राहील आणि पक्षी जातील. नाही केली, तर शिपायापासून सचिवापर्यंत सगळे विचारतील का, आणि त्या 'का'चे उत्तर तिला जन्म देणाऱ्या माणसापाशी जाऊन थांबेल. अशा वेळी शहाणी माणसे प्रकृतीच्या कारणाने रजा टाकतात. तिची रजाही शिल्लक होती.

"मी मोजणार," ती म्हणाली.

निवाऱ्यात येऊन तिने शिट्टीवालीकडून रांगेसाठी ठेवलेली नायलॉनची दोरी मागून घेतली. आत्याच्या पर्समध्ये शिवणाची फीत असतेच. दीड मीटरची, कडा झिजलेली. सहलीच्या माहितीपत्रकावर बेटाचा नकाशा होता, तो तिने आत्याच्या मांडीवर पसरला.

"चष्मा काढ. डोळे मिट. कुठेही बोट ठेव, तीनदा. मात्र हा मागचा उतार मी हाताने झाकलाय, तो सोडून."

"भविष्य बघतेस की काय?"

"भूतकाळ बघतेय. ठेव बोट."

आत्याने तीनदा बोट ठेवले. दंतवैद्याने एकदा सासऱ्यांच्या मोज्यांकडे, एकदा बायकोच्या तोंडाकडे पाहिले, आणि पंधरा वर्षांच्या संसारात जे शिकला होता त्याचा उपयोग करून काहीच विचारले नाही. "दोरीचं एक टोक मी धरतो," तो म्हणाला.

"धर. पण साक्षीला दुसरा गणक लागतो. प्रत्येक पट्ट्यावर दोन सह्या. पुस्तिकेतला चौथा नियम." ती बाबांकडे वळली. "या."

"तीन पट्ट्यांनी काही सिद्ध होत नाही," बाबा म्हणाले. आवाजात जुना अधिकार क्षणभर परत आला होता. "तुला माहीत आहे ते."

"होत नाही. सही थांबवायला पुरतं."

शिट्टीवालीने ओळखपत्र पुन्हा एकदा पाहिले, मग पर्यटकांकडे पाठ केली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच लोक वाटेबाहेर जात होते आणि तिने शिट्टी फुंकली नाही.

पहिला पट्टा टाकीच्या अलीकडे पडला. पन्नास पावले दोरी ताणायची, आणि दोरीच्या दोन्ही अंगांना एकेक फीत अंतरात जे असेल ते मोजायचे. थोरली एका बाजूने, बाबा दुसऱ्या बाजूने, पायांत नुसते मोजे घालून, मान खाली घालून. गवत, दगड, बाटलीचे झाकण, उंदराच्या लेंड्या, एका जुन्या अंड्याचे अर्धे कवच, वाऱ्याने पातळ झालेले. माहितीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिने वेळ लिहिली आणि शून्य लिहिले. बाबांनी सही केली.

दुसऱ्या पट्ट्यातही शून्य. बाबांनी सही केली, आणि या वेळी पेन परत देताना तिच्याकडे पाहिले नाही.

तिसरा पट्टा तारेच्या कुंपणाच्या बाजूला, उंचवट्यावर होता. इथवर मागच्या उताराचा कलकलाट ऐकू येत होता, भिंतीपलीकडच्या लग्नघरासारखा. आत्या वाटेच्या कडेला उभी राहून हाताने ऊन अडवत बघत होती. दोरी पडली. तीस पावले झाली, पस्तीस झाली. चाळिसाव्या पावलाला बाबा थांबले.

"आहे," ते म्हणाले.

एक सुरय बसला होता. एकटाच, उन्हाकडे पाठ, चोच किंचित उघडी, काळ्या टोपीखाली डोळा शाईच्या थेंबासारखा. पोटाखाली अंड्याचा ठिपकेदार काठ दिसत होता. माणसे दोन हातांवर आली तरी तो उठला नाही; त्याने फक्त त्यांच्याकडे तोंड केले.

बाबा गुडघ्यांवर बसले. पंचाहत्तर वर्षांचे गुडघे मोडताना आवाज झाला. फितीचे टोक त्यांनी पक्ष्याच्या बाजूने हळूच पुढे सरकवले. दुसरे टोक थोरलीने दोरीला लावून धरले होते. फीत संपली तिथून अंडे वीतभर पलीकडे होते.

"सैल आहे का?"

"ताणलीय मी पूर्ण."

बाबा पक्ष्याकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडावर तिने लहानपणी पाहिलेला भाव होता, समुद्रावर पहिल्यांदा नेले होते तेव्हाचा. तो खोटा नव्हता, आणि हीच सगळ्यात वाईट गोष्ट होती.

"दोरी जरा अलीकडे सरकवली तर?" ते म्हणाले.

थोरलीने दोरी धरलेला हात हलवला नाही. मागच्या उतारावरून कलकलाट येत होता, आणि मध्ये कुठेतरी बोटीचा पहिला भोंगा झाला. बाबांचे ओठ अजून त्या वाक्याच्या आकारात होते. मग वाक्य त्यांच्या स्वतःच्या कानांपर्यंत पोहोचल्यासारखे दिसले. एकतीस वर्षांपूर्वी, याच बेटावर, हातोडा हातात असताना त्यांनी स्वतःला दुसरे काय सांगितले असणार?

त्यांनी फीत सोडली आणि हात पुढे केला. "कागद दे."

तिसऱ्या ओळीत त्यांनी स्वतः लिहिले: शून्य. पुढे एक ओळ जास्त लिहिली, एक पक्षी, एक अंडे, पट्ट्याबाहेर, आणि पूर्ण नाव लिहून सही केली. त्या नावाला वेळ लागला. सोमवारी तेच दगडावर चढायचे होते.

परतताना दंतवैद्याने एका हातात बूट घेतले होते आणि दुसरा हात सासऱ्यांच्या दंडाखाली घातला होता. आत्याने फीत झटकून गुंडाळली, पर्समध्ये ठेवली, आणि थोरलीने न विचारताच म्हणाली, "माझी दृष्टी गेलीय, पण इतकी नाही गेली. तुझ्या बापाला मी लहानपणापासून ओळखते. शिवण चुकली की हा वरून इस्त्री फिरवायचा."

"सगळेच ओळखतात, आत्या. मोजलं कुणी नाही."

धक्क्यावर रांग लागली होती. फलकाशी एक कुटुंब उभे राहून फोटो काढून घेत होते. थोरलीने कागदाची घडी करून ओळखपत्राच्या पाकिटात ठेवली. तिच्यात विजय नव्हता.

बोट सुटल्यावर बाबा तिच्या शेजारच्या बाकावर येऊन बसले. दोघांत एका माणसाची जागा सोडून.

"सोमवारी मी येऊ का?" त्यांनी विचारले.

"यावंच लागेल. साक्षीदार आहात तुम्ही."

बाबांनी मान हलवली. बेट मागे लहान होत चालले होते. इतक्या लांबून त्याचा मागचा उतार पहिल्यांदाच दिसत होता, पक्ष्यांनी पांढरा झालेला, नखाएवढा.

"मग बूट कुठले घालू?"

थोरलीने त्यांच्या मोज्यांकडे पाहिले. "जुने," ती म्हणाली. "उभं राहावं लागेल खूप वेळ."